दोन दिवस सलग कोरे नकोत : एका गावातल्या भरती-सरावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातलं अडीचेक हजार वस्तीचं गाव. कपाशी, तूर, सोयाबीन ही मुख्य पिकं. विहीर असेल त्याच्या वावरात हिवाळ्यात हरभरा आणि थोडा गहू. गावातून तालुक्याला जाणारा डांबरी रस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान आणि नाल्यापलीकडे मुरूम टाकलेला पांदण रस्ता, एवढीच धावायची जागा.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं इथे दरवर्षी असतात. दोघं-तिघं मिळून रस्त्यावर पळतात, महिन्याभरात थकतात आणि जाहिरात आली की पुन्हा सुरू करतात. त्या वर्षी गावातल्या एका माजी सैनिकाने आणि शाळेतल्या एका शिक्षकाने सगळ्यांना एकत्र आणायचं ठरवलं. पेरण्या आटोपल्यावर, जुलैच्या मध्यात सराव सुरू झाला. वय १८ ते २५, मुलगे २१ आणि मुली ६, मिळून २७ जण. वेळ पहाटे सव्वापाच. गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेचा भोंगा पहाटेच लागतो, तोच उठायचा इशारा.

समोरचं लक्ष्य ठरलेलं होतं. त्या वेळच्या नियमांप्रमाणे मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५) आणि गोळाफेक (१५). पूर्ण २० गुणांसाठी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत. निम्मे गुण मिळाले तरच पुढचा विचार, आणि त्यातूनही जागांच्या दहापटच उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात. तारीख मात्र कुणाच्या हाती नसते. २०२३ मध्ये मैदानी चाचण्या जानेवारीत झाल्या, २०२४ मध्ये जूनच्या उत्तरार्धात. दिवस ठाऊक नसलेल्या परीक्षेसाठी रोज पहाटे उठत राहणं हीच या तयारीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

अडचण

पहिले तीन आठवडे हजेरी बरीच चांगली होती. ऑगस्टमध्ये ती वीसवर आली, सप्टेंबरअखेर पंधरावर आणि ऑक्टोबरच्या मध्यात मैदानावर चौघंच उरले. गावाने निदान केलं ते नेहमीचंच : पोट्ट्यांमध्ये दम नाही, मोबाइलने वाटोळं केलं. हजेरीची वही मात्र वेगळं सांगत होती. गळतीचे तीन स्पष्ट टप्पे होते आणि प्रत्येकाचं कारण निराळं होतं.

पहिली गळती नडगीच्या दुखण्याची. सराव म्हणजे रोज १६०० मीटर जीव तोडून पळायचं आणि वेळ लिहायची, एवढंच चाललं होतं. तेही डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या कॅनव्हास बुटांत. दम महिन्याभरात वाढतो, म्हणून माणसाला वाटतं की आपण तयार झालो. हाडं आणि स्नायूबंध यांना तेवढा भार सोसायला शिकायला कितीतरी जास्त वेळ लागतो. या फरकातच नडगी धरते. ऑगस्टमध्ये पाच जणांच्या नडग्या दुखत होत्या. क्रेप बँडेज गुंडाळून ते तसेच पळत होते. त्यात त्यांचा हट्टीपणा नव्हता. न पळणारा भित्रा ठरेल अशीच हवा मैदानावर होती.

दुसरी गळती दंडाची. सप्टेंबरमध्ये माजी सैनिकाने शिस्त लावली : एक दिवस चुकला की १०० उठाबशा आणि २० रुपये. दहा दिवस हजेरी वाढली, मग आधीपेक्षाही खाली गेली. कारण साधं आहे. दोन दिवस चुकलेल्या पोराच्या डोक्यावर २०० उठाबशा आणि ४० रुपये बसतात. तिसऱ्या दिवशी तो मनात हिशेब करतो, आणि न येणंच त्याला स्वस्त पडतं. ज्याला परत आणायचं होतं त्याच्याच वाटेत दंड आडवा आला.

तिसरी आणि सर्वांत मोठी गळती शेतीच्या कामाची. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मळणी, लगेच हरभऱ्याची पेरणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात शिरतात म्हणून रात्री जागल. ओलिताची वीज काही दिवस रात्रीच येते. तेव्हा मध्यरात्री उठून स्प्रिंकलरचे पाइप बदलावे लागतात. “काऊन आला नाही रे?” या प्रश्नावर एका पोराचं उत्तर वहीत तसंच लिहून ठेवलं होतं : “काका, जागल होती जी. घरी आलो तवा साडेचार वाजले.” असा मुलगा पावणेसहाला अंथरुणात असेल तर तो आळशी नाही. वेळापत्रक चुकलं आहे.

मुलींची अडचण चौथी, आणि ती वहीत दिसलीच नाही. सहापैकी चार मुली पहिल्याच पंधरवड्यात येईनाशा झाल्या होत्या. अंधारात रस्त्यावर पाठवायला घरचे तयार नव्हते. त्यांना कुणी कारण विचारलं नाही, कारण सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं.

कोणते पर्याय होते

ऑक्टोबरच्या शेवटी शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. चार पर्याय चर्चेला आले.

दंड वाढवावा, असं काही मोठ्यांचं म्हणणं होतं. ते लवकरच मागे पडलं. वहीतले आकडेच त्याच्या विरोधात होते.

तालुक्याच्या अकादमीत पाठवावं, हा दुसरा. तिथे मैदान आणि प्रशिक्षक दोन्ही आहेत. पण फी, खोली, मेस, आणि वेचणीच्या दिवसांत घरातला एक हात कमी. ज्यांना हे परवडणार होतं ते दोघं आधीच गेले होते. उरलेल्यांसाठी हा पर्याय नव्हता.

वेचणी संपेपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत, सराव बंद ठेवावा, हा तिसरा. यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण तो वाजवी वाटत होता. पण तीन महिने बंद ठेवल्यावर कमावलेला दम बराचसा जातो, आणि जानेवारीत भरती निघाली तर हाती काहीच राहत नाही. शिक्षकाचा आक्षेप आणखी खोल होता. हंगाम आला की सोडायचं आणि संपला की धरायचं, हीच तर या पोरांची जुनी सवय. तिच्यावरच शिक्कामोर्तब झालं असतं.

चौथा पर्याय वहीतूनच निघाला : सराव चालू ठेवायचा, पण चुकणारा दिवस गृहीत धरून आखायचा. पूर्ण जमलं नाही तर किमान काय करायचं आणि परत कसं यायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. माजी सैनिकाला हा ढिलेपणा वाटला. त्याची अट एकच होती, ढील किती द्यायची हे वहीत लिहिलेलं असावं, तोंडी काही नको. ही अट पुढे फार उपयोगी पडली.

काय केलं

आधी अंतर मोजलं. डांबरी रस्त्यावरचे १६०० मीटर मोटारसायकलच्या मीटरवरून ठरवले होते : बसथांब्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत ८०० जायचं आणि ८०० परत. मोटारसायकलचे मीटर बहुधा अंतर थोडं जास्त दाखवतात, टायर झिजला की आणखी. घरकुलाच्या मिस्त्रीकडची टेप लावून मोजल्यावर जाण्याचं अंतर ७६८ मीटर भरलं, म्हणजे जाऊन-येऊन १५३६. ६४ मीटर कमी, म्हणजे ५:१० च्या वेगाने जवळजवळ साडेबारा सेकंदांची फसवणूक. आपण ५:३० ला आलो असं समजणारे दोघं प्रत्यक्षात ५:४० च्या पुढे होते. त्या दिवशी मैदानावर बरीच निराशा झाली, पण खोट्या आकड्यावर टिकलेला उत्साह भरतीच्या मैदानावर एका फेरीत मोडला असता.

शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी आखली. त्यासाठी ५० मीटरच्या दोन सरळ रेषा आणि दोन अर्धवर्तुळं लागतात. प्रत्येक अर्धवर्तुळ ५० मीटरचं हवं, म्हणून त्रिज्या १५.९२ मीटर. धावणारा चुन्याच्या आतल्या रेघेपासून साधारण २० सेंटीमीटर बाहेरून धावतो, त्यामुळे खुंटीला बांधलेली दोरी १५.७२ मीटरची धरायची. दोरी सुताची नको, ओढली की लांबते. पातळ तार बरी. एवढ्या फेरीला सुमारे ८५ मीटर लांब आणि ३५ मीटर रुंद जागा पुरते. वळणं आवळ असल्यामुळे आतल्या पायाच्या घोट्यावर ताण येतो, म्हणून हलक्या धावण्याच्या दिवशी उलट दिशेने फेऱ्या घ्यायच्या.

मग आठवडा बदलला. रोज वेळ लावणं बंद. १६०० ची चाचणी चार आठवड्यांतून एकदाच.

सोमवार आणि गुरुवार हलकं धावणं, ३० ते ३५ मिनिटं, पांदणीवर. वेगाची कसोटी एकच : शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. मंगळवारी ४०० मीटरचे सहा तुकडे, मध्ये दोन मिनिटं चालणं. ५:१० साठी प्रत्येक ४०० मीटर साडेसत्याहत्तर सेकंदांत यावे लागतात. पोरं पहिले ४०० अडुसष्टात काढायची आणि तिसऱ्या चारशेला पाय जड व्हायचे. म्हणून मंगळवारचा नियम असा की सहावा तुकडा पहिल्यापेक्षा हळू आला तर तो दिवस फसला, मग पहिला कितीही वेगात आलेला असो. धावण्यातला धीर म्हणजे काय, हे पोरांना याच एका नियमातून सर्वांत लवकर उमगलं. बुधवारी जोर, बैठका, पोटाचे व्यायाम आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, १५-१५ चे तीन फेरे. नडगीसाठी हा शेवटचा व्यायाम टाळायचा नाही. शुक्रवारी १०० मीटरचे तुकडे आणि गोळाफेक, मुलांना ७.२६० किलो, मुलींना ४ किलो. आधी धोंडा फेकत होते. धोंड्याची पकड वेगळी असल्याने तळहातावर गोळा टेकवायची सवय लागते. गोळा बोटांच्या मुळाशी आणि मानेला टेकून हवा. शनिवारी सहा ते आठ किलोमीटर सावकाश. रविवारी सुट्टी, आणि तीही सक्तीची.

वेळा दोन ठेवल्या : पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी साडेपाच, शाळेच्या मैदानावर. शिक्षकाच्या पत्नी संध्याकाळी स्वतः मैदानावर येऊन बसू लागल्या, आणि मुलींच्या घरी जाऊनही त्याच बोलल्या. गेलेल्या चारपैकी तीन मुली परत आल्या.

या बदलाचा कणा म्हणजे वही. प्रत्येकाच्या नावापुढे रोज तीनपैकी एक खूण : ‘पू’ म्हणजे पूर्ण सराव, ‘कि’ म्हणजे किमान, ‘र’ म्हणजे आदल्या दिवशी सांगून घेतलेली रजा. काहीच नसेल तर रकाना कोरा. किमान सराव वीस मिनिटांचा, वावरातही होईल असा : धुऱ्यावर (बांधावर) किंवा पांदणीवर दहा मिनिटं हलकं धावणं, १० जोरांचे तीन फेरे, १५ बैठकांचे तीन फेरे. जागलीहून आलेल्याने दुपारी झोप काढून संध्याकाळी एवढंच करायचं. फवारणी केलेल्या दिवशी किमानसुद्धा नाही, त्या दिवशी रजाच. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले आहेत. अंगावर औषध उडालेलं असताना धापा टाकत धावणं म्हणजे जिवाशी खेळ.

दंड रद्द झाला. त्याच्या जागी एकच नियम आला : दोन दिवस सलग कोरे नकोत. प्रत्येकाला एक जोडीदार, तोही शक्यतो शेजारच्या घरातला. दुसरा रकाना कोरा दिसला की जोडीदाराने त्याच संध्याकाळी घरी जायचं, जाब विचारायचा नाही, फक्त “उद्या किती वाजता येतोस?” एवढं विचारायचं. आठवड्याहून जास्त खंड पडला तर परतल्यावर पहिला आठवडा निम्माच सराव. खंड भरून काढायला दुप्पट धावणारा दहा दिवसांत पुन्हा नडगी धरून बसतो.

नडगीच्या पाच जणांपैकी एकाचं दुखणं हाडाच्या एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत होतं आणि रात्री झोपेतही ठणकत होतं. पसरट दुखणं सहसा विश्रांतीने आणि भार कमी केल्याने उतरतं. असं एका बिंदूतलं दुखणं मात्र हाडाला बारीक तडा गेल्याची खूण असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसेलच असं नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलं. इथे घेतलेला निर्णय या सगळ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. त्या मुलाला घरी बसवलं नाही. स्टॉपवॉच आणि वही त्याच्याकडे दिली. तो रोज यायचा, बसून जोर-बैठकांऐवजी हातांचे व्यायाम करायचा आणि सगळ्यांच्या वेळा घ्यायचा. सहा आठवड्यांनी तो धावायला लागला तेव्हा त्याची हजेरी गटात सर्वांत जास्त होती.

थांबायचं कधी

डिसेंबरमध्ये एका मुलीला मंगळवारच्या चौथ्या तुकड्यात पायात गोळे आले, चक्कर आली. जुन्या पद्धतीत तिला ‘अजून एक’ म्हणून पळवलं असतं. थांबवलं, बसवलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन ९ च्या खाली निघालं. या वयाच्या मुलींमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर गटातल्या सगळ्यांचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घेतलं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात पुष्कळ आढळतो, आणि २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. ज्यांच्यात या आजाराचं एकच जनुक असतं त्या वाहकांना एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, विश्रांती न घेता एकापाठोपाठ जोरात धावल्यास त्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. तपासणीत दोघं वाहक निघाले. त्यांना गटातून काढलं नाही. तुकड्यांमधली विश्रांती दोनवरून चार मिनिटं केली, आणि गोळे येणं, धाप न उतरणं, पाय लुळे वाटणं यांपैकी काहीही झालं तर न विचारता थांबायचं, हा नियम सगळ्यांनाच लागू केला. दोघांचीच नावं वेगळी काढली नाहीत हे बरं झालं. गावात ‘सिकल’ हा शब्द लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ कडे गेला तेव्हा सकाळचा सराव पावणेपाचला आणला, साडेसहाला मैदान मोकळं. मैदानावर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घातलेलं पाणी ठेवलं.

निकाल

नोव्हेंबरमध्ये नव्याने सुरू झालं तेव्हा १९ जण होते; मेअखेर १७. वेचणीच्या तीन महिन्यांत वहीत ‘पू’ पेक्षा ‘कि’ च जास्त होते, पण सलग दोन कोरे रकाने फार थोड्यांचे होते. खऱ्या १६०० वरची सर्वांत चांगली वेळ ५:४१ वरून ५:१४ वर आली. मधल्या गटातल्या बहुतेकांची वेळ ३० ते ४० सेकंदांनी उतरली. नडगीचं नवं दुखणं एकालाच झालं.

पुढच्या भरतीत १४ जणांनी मैदानी चाचणी दिली. ११ जण निम्म्या गुणांच्या वर गेले, ५ जणांना लेखीचं बोलावणं आलं, आणि निवड एका मुलीची झाली. एक मुलगा प्रतीक्षा यादीत राहिला. गावाला हा आकडा लहान वाटला. लेखीत पोरं कमी पडली, आणि याचा दोष धावण्याच्या सरावाला देता येत नाही. एवढं मात्र खरं की मैदानावर आलेली चिकाटी आपोआप पुस्तकात उतरत नाही. जानेवारीपासून ज्या सहा जणांनी संध्याकाळच्या सरावानंतर शाळेच्या खोलीत तासभर गणित-बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवले आणि त्याची खूण त्याच वहीत केली, लेखीला गेलेल्या पाचांपैकी चौघं त्यांच्यातलेच होते.

वेगळं काय करता आलं असतं

अंतराची टेप आणि रक्ताची तपासणी पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. दोन्हींना खर्च जवळजवळ नाही. साडेतीन महिने पोरं चुकीच्या अंतरावर पळाली आणि एक मुलगी रक्तक्षय घेऊन पळाली, हे टाळता आलं असतं.

मुलींसाठी संध्याकाळची वेळ जुलैतच ठेवली असती तर सहाही राहिल्या असत्या असं आमचं मत आहे. चौथी मुलगी परत आली नाही. तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

जोडीदार शेजारघरचा ठेवण्याचा निर्णय चांगला होता, पण दोन जोड्यांत दोघांच्या घरचं ओलित एकाच फिडरवर, म्हणजे एकाच वीजवाहिनीवर होतं. वीज रात्रीची आली की दोघंही एकदमच गायब, आणि घरी जाऊन विचारायला कुणीच उरत नसे. जोडी लावताना घर शेजारी पण ओलिताची पाळी वेगळी, असं बघायला हवं. ज्यांच्या घरी ओलितच नाही त्यांची जोडी ओलितवाल्याशी लावणं सर्वांत सोपं.

लेखीचा तास जानेवारीऐवजी नोव्हेंबरपासून, आणि ऐच्छिक न ठेवता ‘पू’ चाच भाग म्हणून धरायला हवा होता. या वर्षीच्या वहीत तो तसा धरला आहे. पहिल्या पानावर आता सोंगणी, हरभऱ्याची पेरणी, वेचणीचे फेरे आणि जागलीच्या पाळ्या अंदाजे तारखांसह लिहिलेल्या आहेत, आणि त्या आठवड्यांचे रकाने आधीच ‘कि’ साठी राखून ठेवले आहेत.